पाणी मारलं का?

‘फ्लोअरिंग’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? इटालियन मार्बल, चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स, फार तर वुडन लॅमिनेट. वीकेण्डला आपण शोरूममध्ये जातो, टाइल्सवरून हात फिरवतो, ‘आयव्हरी की बेज?’ यावर अर्धा तास वाद घालतो आणि येताना पावभाजी खाऊन परततो. पार्किंगची जमीन? ती काय, असतेच की खाली! तिच्यावर गाडी उभी राहते, गाडीतून ऑइल गळतं, विषय संपला.

आमच्या घरात मात्र 2024 च्या जानेवारीपासून मार्चपर्यंत याच जमिनीशिवाय दुसरा विषय नव्हता.

धायरीतलं आमचं रो-हाऊस 1998 सालचं. पुढच्या दाराला पाच पायऱ्या. बाजूला शटरचं गॅरेज, दहा फूट रुंद, अठरा फूट लांब. गॅरेजच्या मागच्या दारातून एक बुटकी पायरी चढली की थेट तळमजल्यावरची खोली. बाबांचे दोन्ही गुडघे बदलायचे ठरले, 12 मार्च ही तारीख मिळाली, आणि हॉस्पिटलमधून आल्यावर बाबा घरात शिरणार कुठून, हा प्रश्न एकदम समोर आला. डॉक्टर म्हणाले, पायऱ्यांचा सराव आम्ही करून घेऊ. पण आईने पुढच्या पाच पायऱ्या तिथल्या तिथे बाद केल्या. म्हणजे गॅरेजमधूनच. आणि गॅरेजची जमीन कशी? तर शहाबादी फरशी, अर्धी खचलेली, अर्धी वर आलेली, सांध्यांत बोट जाईल एवढ्या फटी. नोव्हेंबरमध्ये यातल्याच एका फटीत काठी अडकून बाबा पडले होते. थोडक्यात निभावलं. आता तिथूनच वॉकर घेऊन चालायचं?

पहिला कॉन्ट्रॅक्टर आला तो थेट ‘सोल्युशन’ घेऊनच. ‘‘तीन दिवसांत चकाचक करून देतो मॅडम. आहे त्या फरशीवरच दोन इंच माल टाकायचा, वरून टाइल. नो टेन्शन!’’ डेडलाइनवर जगणाऱ्या माझ्यासारखीला याहून गोड वाक्य कुठलं असणार? दुसरे आले ते साठीचे, मूळ सोलापूरकडचे मिस्त्री. त्यांनी पहारीने एक फरशी उचकटली, खालची माती मुठीत दाबून पाहिली आणि म्हणाले, ‘‘काळी हाय.’’ बस्स! मग कोटेशन दिलं. पहिल्याच्या दुप्पट. आणि वेळ महिनाभर.

बाबा भोसरीला एका कंपनीत एकतीस वर्षं क्वालिटी कंट्रोलमध्ये होते. त्यांनी एका मिनिटात दुसऱ्याला होकार दिला.

‘काळी हाय’चा फंडा मला नंतर कळला. आपल्याकडची काळी माती शेतीला सोन्यासारखी, पण बांधकामाला वैरीण. पावसात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर काहीही घाला, ग्रॅनाइट घाला, ती दरवर्षी ते वर ढकलणार आणि पुन्हा खाली सोडणार. आमची फरशी खराब नव्हतीच हो, तिच्या खालची जमीन श्वास घेत होती! आधी ही माती काढून टाकायची, हाच त्यावर उपाय.

मग काय, दोन फूट खोदाई. ट्रॉलीभर माती बाहेर. त्या जागी मुरूम, एकदम नाही, सहा-सहा इंचांचे थर. प्रत्येक थरावर पाणी शिंपडायचं आणि धुम्मसाने ठोकायचं. त्यावर नऊ इंच दगडी सोलिंग, दगडांच्या फटींत बारीक दगड आणि मुरूम. त्यावर जाड प्लास्टिकचा कागद, खालची ओल वर येऊ नये म्हणून. आठ दिवस हे चाललं होतं आणि अजून सिमेंटची एक गोणीही फुटली नव्हती. शेजारच्या काकू रोज डोकावून विचारायच्या, ‘‘अजून खड्डाच का गं?’’ मीही मनात तेच म्हणत होते. माझ्या ऑफिसात आठ दिवसांनी डेमो दाखवायचा असतो. इथे दाखवायला काय, तर ठोकलेला मुरूम.

खरं तर काँक्रीटच्या जमिनीचं आयुष्य या न दिसणाऱ्या आठ दिवसांतच ठरतं. वरचा चार इंचांचा थर दाबाला भक्कम असतो, पण वाकायला अगदी नाजूक. खालून सगळीकडे सारखा आधार असेल तर चार इंचांवर गाडी आरामात उभी राहते. एका कोपऱ्यात मुरूम पोकळ राहिला, की तिथे तडा नक्की.

‘पण आमच्या सोसायटीत तर ट्रिमिक्स आहे,’ असं तुमच्यापैकी कुणीतरी म्हणेलच. बरोबर. मोठ्या पार्किंगला, चाकणच्या शेड्सना तेच करतात. काँक्रीट पसरलं की त्यावर चटई अंथरून व्हॅक्यूम पंपाने जास्तीचं पाणी ओढून घेतात, मग पंख्यासारख्या फिरणाऱ्या पात्यांच्या मशीनने घोटतात. पण आमच्या दहा बाय अठराला ती मशिनरी आणणं म्हणजे डोसा करायला हलवायाची कढई! आणि ज्या जास्तीच्या पाण्यासाठी हा सगळा खटाटोप, ते मुळात घातलंच नाही तर?

इथे बाबांची एन्ट्री.

रविवार, 4 फेब्रुवारी. सकाळी सातला मिक्सर दारात. प्रमाण एकास दीड, तीन. म्हणजे एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी. (वाळू म्हणजे क्रश सँड.) सगळ्या मिळून चौदा गोण्या. बाबा शटरच्या बाहेर खुर्ची टाकून, शेजारी मापाची बादली घेऊन बसले. एका गोणीला जास्तीत जास्त पंचवीस लिटर पाणी, वाळू ओली असेल तर त्याहूनही कमी. बिगाऱ्यांना पाणी जास्त हवं असतं, त्यांचंही चूक नाही. पातळ माल घमेल्यातून सरसर ओतला जातो, पसरायला कष्ट नाहीत. घट्ट माल फावड्याने ओढताना कंबर मोडते. दहाच्या सुमारास एकाने बाबांची नजर चुकवून तांब्याभर पाणी वाढवलं. बाबा ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, ‘‘मिस्त्री, हा घाणा बाहेर अंगणात टाका.’’ टाकला. नंतर दिवसभर कुणी तांब्याला हात लावला नाही. तो घाणा आजही कुंड्यांखाली आहे. नखाने खरवडलं तर पांढरी भुकटी निघते.

एवढा हट्ट कशासाठी? तर सिमेंटला कडक व्हायला पाणी लागतं, पण ठरावीकच. उरलेलं पाणी आत जागा अडवून बसतं, पुढे उडून जातं आणि मागे बारीक बारीक पोकळ्या ठेवून जातं. मग जमीन मऊ राहते, गाडी फिरली की पिठासारखी धूळ उडते. तुमच्या पार्किंगमध्ये झाडल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा करडी धूळ जमत असेल, तर ती सगळीच बाहेरून आलेली नाही, एवढं समजा.

दुपारी आणखी एक ड्रामा. माल पाट्याने ओढून सारखा केला, मागच्या भिंतीपासून शटरपर्यंत दोन इंचांचा उतार दिला, भिंतींना थर्माकोलच्या पट्ट्या लावून जमीन त्यांच्यापासून सुटी ठेवली. थोड्या वेळाने पृष्ठभागावर पाणी सुटून आलं. तरुण गवंड्याने सवयीने कोरडं सिमेंट मुठीत घेतलं, वरून भुरभुरायला. लगेच टिपलं जातं, गुरमाळा फिरवला की आरसा! मिस्त्रींनी त्याचा हात धरला. ‘‘चहा घे,’’ म्हणाले. कोरडं सिमेंट मारून जो आरसा होतो, तो पापुद्रा असतो. वर्षा-दोन वर्षांत पोपडे सुटतात. सुटलेलं पाणी आपणहून जाईपर्यंत थांबायचं, मगच लाकडी रंधा, मग गुरमाळा. त्या दिवशी चार चहा झाले.

आणि आरसा आम्हाला नकोच होता. गुळगुळीत घोटलेलं काँक्रीट ओलं झालं की वॉकरच्या रबरी बुचांखालून सटकतं. शेवटी मिस्त्रींनी एक नवा झाडू आडवा, अगदी हलक्या हाताने ओढला. इतक्या बारीक रेघा, की अनवाणी पायाला कळतात आणि डोळ्याला जेमतेम दिसतात. मार्बलच्या शोरूममध्ये हे फिनिश कुणी फुकट दिलं तरी घेणार नाही. मला विचाराल तर घरातली सगळ्यात देखणी जमीन तीच आहे.

सोमवारी सकाळी कटर आला आणि त्याने कोऱ्या करकरीत जमिनीच्या बरोबर मध्ये, आडवी, एक इंच खोल चीर पाडली. काकूंना ते बघवेना! पण काँक्रीट कडक होताना आकसतं आणि आकसताना कुठेतरी फाटतंच. मग ते नागमोडी फाटू देण्यापेक्षा आपणच सरळ रेघ आखून द्यायची: फाटायचं तर इथे फाट. चार इंच जाडीला आठ ते बारा फुटांवर एक रेघ हवी, आणि खोली जाडीच्या पावपट. आमचे नऊ-नऊ फुटांचे दोन भाग झाले.

मग सुरू झाला खरा संयमाचा कार्यक्रम. महाराष्ट्रात ज्याने कुणी घर बांधलंय, त्याने हे तीन शब्द ऐकलेले असतातच: ‘‘पाणी मारलं का?’’ मला वाटायचं, काँक्रीट वाळून कडक होतं. साफ उलट! ते पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन कडक होतं, आणि वाळलं की ती क्रिया थांबते. म्हणजे माल कालवताना पाण्याचा हिशेब मारवाड्यासारखा ठेवायचा आणि ओतून झाल्यावर मात्र लग्नघरासारखा हात सैल सोडायचा. आयएस 456 हे भारतीय मानक सांगतं की साध्या सिमेंटला किमान सात दिवस ओल हवी आणि फ्लाय अॅश वगैरे मिसळलेल्या सिमेंटला किमान दहा. हवा गरम आणि कोरडी असेल तर दहा आणि चौदा. बाजारात सर्रास मिळतं ते मिसळलेलंच. आम्ही चौदा धरले.

मिस्त्री म्हणाले, ‘‘ताई, सपाट स्लॅबवर आळी करून पानी ठेवता येतं. हितं उतार हाय, पळून जाईल.’’ म्हणून गोणपाट अंथरले, ते भिजवले, वर प्लास्टिक. सकाळी सहाला मी, दुपारी आई, रात्री कॉल संपवून पुन्हा मी. ऑफिसमधल्या टीमला वाटलं, मी गार्डनिंग सुरू केलंय. बाबा वरच्या खिडकीतून, दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून, दर चार तासांनी तोच प्रश्न विचारायचे. ऑपरेशनबद्दल ते एक शब्द बोलत नव्हते. आई विचारायची, भीती वाटते का, तर म्हणायचे, ‘‘कोपऱ्यातलं गोणपाट सुकलंय बघ.’’

सातव्या दिवशी साध्या सिमेंटची साधारण दोन तृतीयांश ताकद आलेली असते, पूर्ण धरायची ती अठ्ठाविसाव्या दिवशी. माणसं दोन दिवसांत चालू शकतात, गाडीला घाई करायची नाही. इपॉक्सीचा रंग द्यायचा असेल तर महिनाभर तरी थांबा, आतली ओल त्याला फुगवून टाकते. आम्ही रंग दिलाच नाही.

3 मार्चला अठ्ठावीस दिवस भरले. बाबा काठी टेकत खाली आले, टॉर्च लावून त्या चिरेत वाकून पाहू लागले. बराच वेळ. मग मला बोलावलं. चिरेच्या तळाशी, केसाएवढी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ भेग गेलेली होती. बाकी सगळी जमीन साफ. ‘‘आली बघ,’’ बाबा म्हणाले, एवढ्या समाधानाने, की जणू मुलीच्या दहावीचा निकाल लागला! मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी येऊन ती चीर सीलंटने भरली, वॉकर अडकू नये म्हणून.

ऑपरेशन झालं. पाचव्या दिवशी, 17 मार्चला, गाडी शटरच्या तोंडाशी थांबली. बाबांनी वॉकर पुढे टेकवला, खाली पाहिलं, बुटाच्या टोकाने झाडूच्या रेघा चाचपल्या. मी हात पुढे केला तर म्हणाले, ‘‘अगं, सोड.’’ शटरपासून पायरीपर्यंत अठरा फूट. एक्केचाळीस पावलं झाली, त्यांनी मोठ्याने मोजली. दुसऱ्या दिवशी छत्तीस.