धर्मपिता

वाशिमच्या एका कॅथलिक स्नेह्याने नातवाच्या बाप्तिस्म्यास ‘धर्मपिता तुम्हीच’ असा आग्रह धरला आणि आम्ही, मुंज झालेले व संध्या विसरलेले, अगदी फुशारून गेलो. पाद्रीसाहेबांनी मात्र नम्र नकार दिला. १९८३ च्या धर्मसंहितेचे ८७४ वे कलम त्यांनी आम्हांपुढे ठेवले: धर्मपिता सामान्यतः १६ वर्षे पूर्ण झालेला, दृढीकरण व ख्रिस्तप्रसाद लाभलेला, श्रद्धेस साजेसे जगणारा कॅथलिक हवा. प्रॉटेस्टंटदेखील फार तर साक्षीदार! चाळीस वर्षांच्या स्नेहास काहीच मोल नाही काय, म्हणून आम्हांस राग आला. पण त्याच कलमात पुढे होते की, मुलाचा जन्मदाता बापही चालत नाही. म्हणजे प्रश्न मायेचा नव्हताच. बालकास त्याच्या धर्माच्या वाटेवर चालविण्याचा होता. आमच्या धर्माची वाट तर आम्ही घरच्या मुलांनाही कधी दाखविली नाही. बाप्तिस्म्याच्या दिवशी आम्ही मागल्या बाकावर बसलो. मेणबत्ती दुसऱ्याच्या हाती होती. बाळाचे टोपडे तेवढे आमच्या घरचे.