भाड्याचे माहेर

सुटीसाठी घर भाड्याने घ्यायचे असते, ही गोष्ट मला साठी उलटेपर्यंत ठाऊक नव्हती. आम्हां वऱ्हाडी लोकांत घर भाड्याने घेतात ते बदली झाली म्हणून, नाहीतर मुलांच्या शाळेसाठी. सुटी लागली की मामाचे घर असतेच. फार झाले तर चिखलदऱ्याला दोन रात्री. पण तिथेही कुणी तरी ओळखीचा निघतो आणि खोलीची सोय होते. अनोळखी माणसाच्या घरात पैसे मोजून राहायचे आणि त्याला मौज म्हणायचे, हे आमच्या हिशेबात बसत नव्हते.

तो हिशेब आमच्या चिरंजीवांनी बदलला. ते जर्मनीत नोकरीला आहेत. गेल्या वर्षी मे महिन्यात त्यांनी आम्हां दोघांना स्पेन दाखवायला नेले आणि सेव्हिल शहराच्या जुन्या भागात पाच दिवसांसाठी एक घर घेतले. त्या भागाचे नाव सांताक्रूझ. नाव ऐकून मला आधी मुंबईचे विमानतळच आठवले आणि एवढा प्रवास करून आपण परत तिथेच उतरणार की काय, अशी शंका आली!

पण जागा मोठी सुरेख होती. गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरून माणूस आला तर अंग चोरावे. पांढऱ्या भिंती, लोखंडी जाळीची दारे, आत उघडा चौक आणि चौकात कुंड्या. "अगदी आपल्या वाड्यासारखं," आमची ही म्हणाली, "तुळस तेवढी नाही." एके काळी ही ज्यू लोकांची वस्ती होती. १३९१ साली त्यांची कत्तल झाली आणि १४९२ साली जे उरले होते त्यांना देशच सोडावा लागला. घरे राहिली, माणसे गेली.

आमच्या घराच्या दारावर एक लहानशी लोखंडी पेटी होती. तिच्यावरचे चार आकडे जुळवले की ती उघडे आणि आत किल्ली असे. घरमालक कोण, बाई की बुवा, म्हातारा की तरुण, हे आम्हांला पाच दिवसांत कळले नाही. शेजारच्या दारावरही तशीच पेटी. त्याच्या शेजारीही तशीच. सकाळी गल्लीत आवाज यायचा तो चाकाच्या पेट्या दगडी फरसबंदीवरून ओढत नेल्याचा. समोरच्या सज्जात मात्र एक म्हातारी झाडांना पाणी घालायची. तिच्या सज्जाला एक चादर टांगलेली होती आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत काही लिहिले होते. मुलाने वाचून सांगितले, "इथे अजून शेजारी राहतात."

स्पॅनिश भाषेत शेजारी आणि गावचा रहिवासी या दोहोंना 'वेसिनो' हा एकच शब्द आहे म्हणे. ती चादर म्हणजे काही एकट्या म्हातारीचे वेड नव्हते. त्याच देशातल्या बार्सिलोना शहराच्या महापौरांनी २०२४ साली जाहीर केले की, प्रवाशांना घरे भाड्याने देण्याचे सुमारे दहा हजार परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवून टाकू. कारण सरळ होते. प्रवासी चार रात्रींचे जे मोजतो, ते गावचा माणूस महिन्याचे मोजू शकत नाही. मग गावच्या माणसाला जावे लागते.

हे सगळे चिरंजीवांनीच मला समजावून सांगितले. आणि परत आल्यावर पंधरा दिवसांनी त्यांचाच फोन आला, "बाबा, अकोल्याच्या घराचं आपण तसंच करू या."

आमचे घर अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या अलीकडे आहे. गच्चीवरून असदगडाची भिंत दिसते. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी घेऊन राजराजेश्वराच्या कावडी येतात, त्या घराजवळूनच जातात. "लोक त्यासाठी पैसे मोजतील," मुलगा म्हणाला. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. अडचण एकच होती. मागच्या दोन खोल्यांत एक निवृत्त शिक्षिका चाळीस वर्षे राहत आहेत. भाडे इतके थोडे, की मला सांगायला लाज वाटते. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यामुळे त्यांना सहजासहजी उठवता येणार नाही, हे मुलाने वकिलाला विचारून ठेवले होते. "पण चांगली रक्कम दिली तर त्या जातील," तो म्हणाला. मी 'बघू' म्हटले. माझ्या 'बघू'चा अर्थ घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मी जवळजवळ कबूल झालो होतो.

त्यावर ही एवढेच म्हणाली, "दुसऱ्याला ठेवायच्या आधी आपण एकदा राहून पाहू. मला अमरावतीला राहायचंय. परकोटात. नवरात्रात."

आता हिचे माहेर अमरावतीचे, बुधवाऱ्यातले. आईवडील गेल्यावर भावांनी वाडा विकला आणि ते पुण्याला गेले. विक्रीच्या कागदावर हिनेही सही केली होती. त्यानंतर सव्वीस वर्षांत ती अंबादेवीला अनेकदा गेली, पण दर्शन घेऊन संध्याकाळच्या गाडीने परत. राहायचे कुठे?

ओळखीतून एका जुन्या वाड्यातल्या माडीवरच्या दोन खोल्या मिळाल्या. दिवसाला आठशे रुपये, आठ दिवस.

अमरावतीचा परकोट निजामाच्या अमदानीत १८०७ साली बांधायला घेतला. कापसाच्या पैशाने व्यापारी गबर झाले होते आणि पेंढाऱ्यांची धाड केव्हा पडेल याचा नेम नव्हता. सव्वादोन मैलांचा घेर, पाच दरवाजे आणि चार खिडक्या. इथल्या 'खिडकी'तून नुसते पाहायचे नसते. माणूस तिच्यातून आतबाहेर करतो. हिने हे मला लग्नानंतर पहिल्याच भेटीत ऐकवले होते. या खेपेला मात्र ती दरवाजातून आत शिरली ती मुकाट्याने.

इथे दारावर पेटी नव्हती. दारात घरमालकीणबाईच उभ्या होत्या, वय पंचाहत्तरीच्या पुढे. किल्ली हातात पडण्यापूर्वी आमचे मूळ गाव, मुले किती, सून कुठली, मला मधुमेह आहे की नाही, एवढ्या सगळ्यांची चौकशी झाली. पैसे पुढे केले तर त्या दुसरीकडे पाहत म्हणाल्या, "ठेवा तिथं कोनाड्यात."

पहिले दोन दिवस आम्ही सेव्हिलमध्ये होतो तसेच होतो. हिचा वाडा पाडून तिथे तीन मजली दुकाने झाली होती. ती समोर उभी राहिली, पाहिले, आणि 'चला' म्हणाली. रात्री जेवली नाही. मला वाटले, ही हौस महागात पडली.

तिसऱ्या दिवशी पहाटे अंबादेवीला जाणाऱ्या बायकांच्या रांगेत एका म्हातारीने हिच्याकडे निरखून पाहिले. "कोनाची वं तू?" हिने वडिलांचे नाव सांगितले. "अवं बाई! तू तं मास्तराची धाकली!" झाले. दुपारपर्यंत ती बातमी साऱ्या गल्लीत पसरली. संध्याकाळी आमच्या माडीवर चार बायका येऊन बसल्या होत्या आणि मला 'जावाईबुवा' म्हणून दोनदा चहा प्यावा लागला.

अष्टमीला घरमालकीणबाईंनी हिची ओटी भरली. ही संकोचाने म्हणाली, "काकू, आम्ही तर भाड्याने राहतो." त्यावर त्या म्हणाल्या, "भाडं खोल्याईचं घेतलं वं बाई. ओटी तुही भरली."

त्या रात्री मी काकूंना विचारले, खोल्या भाड्याने का देता? मुले पुण्याला आणि हैदराबादला. दर पावसाळ्यात माडी गळते. सागवानी तुळई बदलायला सुतार मिळत नाही आणि मिळाला तर परवडत नाही. भाड्याच्या पैशातून गेल्या वर्षी एक तुळई बदलली. "नाही देलं तं वाडा पडंन. आन् साराच देला तं मी कुठी जाऊ?"

या एका वाक्याने माझा गोंधळ मिटला. भाडे घेण्यात पाप नव्हते. त्या भाड्यावरच हा वाडा उभा होता. पण खाली काकू होत्या म्हणून वर आम्ही पाहुणे होतो. काकू नसत्या तर आम्ही नुसते गिऱ्हाईक झालो असतो, आणि ती पहाटेची म्हातारी तिथे राहत नसती तर हिला कुणी ओळखलेही नसते. घर आठ दिवस भाड्याने मिळते. शेजार मात्र कुणीतरी चाळीस वर्षे तिथे राहून जमवलेला असतो.

आणि तसा चाळीस वर्षे राहिलेला माणूस मी उठवायला निघालो होतो!

अकोल्याला परतल्यावर मुलाला फोन केला. बाई राहतील. माडीवरची खोली तेवढी पाहुण्यांना देऊ आणि किल्ली बाईंच्या हाती असेल. तो थोडा रागावला. आकडे मांडून दाखवले. शेवटी म्हणाला, "तुमचं घर आहे." ते मला लागले, पण बोललो नाही.

श्रावणात पहिले पाहुणे आले, नागपूरची दोन तरुण मुले. कावडी पाहून खूश होऊन गेली. जाताना मोबाइलवर अभिप्राय लिहून गेली: खोली स्वच्छ, गच्ची उत्तम, पण किल्ली देणाऱ्या मावशी फार प्रश्न विचारतात.

ते वाक्य काढून टाकावे म्हणून चिरंजीवांची खटपट चालू आहे. मी त्याला कळवले आहे, राहू दे.