२५ डिसेंबर : सकाळी मनुस्मृती दहन दिन, संध्याकाळी नाताळची गाणी

सकाळी विहारात मनुस्मृती दहन दिनाचा कार्यक्रम झाला आणि संध्याकाळी आम्ही ठाण्याला, घोडबंदर रोडकडच्या एका थीम पार्कमध्ये नाताळची गाणी ऐकायला गेलो. हे कळल्यावर आमच्या एका कार्यकर्त्या मित्राने विचारले, "बावीस प्रतिज्ञा विसरलात काय?" प्रतिज्ञा पाठ आहेत. शेजाऱ्याच्या लेकीचे गाणे ऐकायला जाऊ नये असे त्यात कुठेही नाही. पण मित्राचा खरा राग प्रतिज्ञांचा नव्हता. तो कशाचा होता ते पुढे येईलच.

कल्याण पूर्वेला आमच्या चाळीत एक मावशी राहतात. मूळच्या नगर जिल्ह्यातल्या. आमचे आजोबाही त्याच गावचे, त्याच महारवाड्यातले. नगरला अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासूनचे. महार-मांगांच्या कित्येक घरांनी पुढे बाप्तिस्मा घेतला, त्यात मावशींचे पणजोबा होते. आमच्या आजोबांनी १९५६ नंतर दीक्षा घेतली. दोघांनीही सोडली ती एकच गोष्ट. मावशी आम्हाला रोज "जयभीम" घालतात, आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाणाऱ्यांसाठी भाकरी बांधून देतात.

त्यांची लेक मराठी चर्चच्या क्वायरमध्ये गाते. पार्कवाल्यांनी नाताळच्या आठवड्यात चार-पाच चर्चच्या क्वायर बोलावल्या होत्या आणि घरच्यांसाठी पास दिले होते. पास नसता तर आम्ही गेलो नसतो, हे प्रांजळपणे सांगतो. कल्याणहून लोकल, ठाण्यातून बस, मेट्रोच्या खांबांमधून तासभर रखडत पोचलो. आत पुठ्ठ्याचा किल्ला, फेसाचे बर्फ उडवणारे यंत्र. सांताक्लॉजच्या कपड्यातला पोरगा घामाने निथळत होता. मुखवटा काढून पाणी प्यायला तेव्हा कळले, जेमतेम विशीतला. कंत्राटावरचा असावा. (आम्ही कुठेही गेलो की आधी कंत्राटी कामगार दिसतो. सवय.)

गाणी इंग्रजी. पोरींनी लाल टोप्या घालून ती नेटकी म्हटली. तीन आवाज वेगवेगळ्या उंचीवर चालतात आणि शेवटी एकत्र येतात, तेव्हा अंगावर काटा येतो. ते नाकारण्यात काही क्रांतिकारकत्व नाही. पण मावशी अस्वस्थ होत्या. "मराठी एकच घ्या म्हणाले, तेही शेवटी," त्या पुटपुटल्या. नारायण वामन टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतल्यावर अभंग लिहिले, ख्रिस्ती कीर्तन उभे केले. मराठी चर्चमध्ये आजही ती पदे पेटी-ढोलकीवर म्हणतात. (टिळक चित्पावन. चर्चमध्येही आठवणीत राहिले नाव कोणाचे, याची नोंद आम्ही मनात केलीच.)

शेवटी ढोलकी आली. पद सुरू झाले आणि आम्ही एकमेकांकडे पाहिले. चाल ओळखीची होती. त्याच वळणाच्या चालीवर आम्ही लहानपणी जयंतीच्या मंडपात भीमगीत ऐकले होते. चाल ना चर्चची, ना विहाराची. ती जात्यावरची, महारवाड्यातली. आमच्या आयाबाया एकाच दगडाभोवती बसून दळत होत्या; पुढे कुणाच्या तोंडी येशू आला, कुणाच्या तोंडी भीम. दुसरे कडवे संपायच्या आत निवेदकाने लकी ड्रॉचे नंबर पुकारायला घेतले. लेक थांबली नाही. माइक बंद झाल्यावरही पद पुरे करूनच उतरली.

परतताना बसस्टॉपवर मावशींनी अचानक विचारले, "तुझ्या बाबांनी रेल्वेत लागताना दाखल्यावर काय लिहिलं होतं रे?"

आम्ही गप्प. कारण उत्तर त्यांनाही ठाऊक होते. आमचे वडील १९८२ ला रेल्वेत खलाशी म्हणून लागले, ते 'हिंदू महार' या दाखल्यावर. घरात बुद्धमूर्ती, कागदावर हिंदू. खरे लिहिले असते तर केंद्राच्या नोकरीत सवलत मिळाली नसती. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातला तिसरा परिच्छेद अनुसूचित जातीला धर्माची अट घालतो. १९५६ मध्ये त्यात शीख आले. बौद्ध आले थेट १९९० मध्ये. म्हणजे बाबासाहेबांच्या मागोमाग जाण्याची शिक्षा आपल्या माणसांनी चौतीस वर्षे भोगली. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित आजही बाहेर आहेत.

"आमच्या पोरीने खरं लिहिलं," मावशी म्हणाल्या. "तुझ्या पुतणीबरोबरच बारावी झाली. दोघींचे फॉर्म तूच भरलेस ना?"

भरले होते. पुतणीच्या फॉर्ममध्ये जो रकाना भरला, तो मावशींच्या लेकीच्या फॉर्ममध्ये रिकामा ठेवला. तेव्हा हात अडखळला नाही. समाजशास्त्रात एम.ए. केलेला आमचा हात.

सूसाई यांचा खटला तरुणांनी वाचावा. मद्रासच्या रस्त्यावर बसून चपला शिवणारा हा आदि द्रविड माणूस. सरकारने चर्मकारांना टपऱ्या वाटल्या, त्याला मिळाली नाही, कारण तो ख्रिस्ती. शेजारी बसून तेच चामडे शिवणाऱ्या हिंदूला मिळाली. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्याची याचिका फेटाळली. धर्मांतरानंतरही त्याची वंचना तितकीच तीव्र आहे हे पुरेशा पुराव्याने दाखवले नाही, असे म्हणून. आणि अत्याचार झाला तर अ‍ॅट्रॉसिटी कायदाही अशा माणसाच्या मदतीला येत नाही. मारणारा मात्र मारताना बाप्तिस्म्याचा दाखला पाहत नाही.

बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावर कठोर लिहिले आहे. शासनाने छापलेल्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात ते आहे. चर्चमध्ये जात शिरली, धर्मांतरित अस्पृश्याच्या दुःखासाठी ख्रिस्ती पुढारी लढले नाहीत, ही त्यांची तक्रार. आपले काही मित्र तेवढेच वाचून म्हणतात, "बघा, त्यांनी चुकीचा धर्म निवडला." अहो, बाप्तिस्म्याने जात गेली नाही हेच बाबासाहेब सांगत असतील, तर ती गेली असे धरून चालणाऱ्या तिसऱ्या परिच्छेदाच्या बाजूने तुम्ही कसे?

आता मित्राच्या रागाकडे येतो. तो शेवटी बोललाच, "हिस्सेकरी वाढतील." भीती खोटी नाही. जागा आधीच आटत आहेत, खाजगीकरणाने भरती संपत आली आहे. म्हणून मागणी दुहेरी हवी : धर्माची अट काढा आणि लोकसंख्येप्रमाणे टक्का वाढवा. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्येच हा परिच्छेद वगळण्याची शिफारस केली. २०२२ मध्ये न्या. बालकृष्णन आयोग नेमून प्रश्न पुन्हा टांगला गेला. १९९० मध्ये यादीतल्या इतर जातींनी आपल्याबद्दल "हिस्सेकरी वाढतील" म्हणून दार लावून घेतले असते, तर आपण त्याला काय म्हटले असते?

त्या सकाळी विहारात आम्हीच भाषण केले होते. १९२७ ला महाडमध्ये मांडवाला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. दहनाचा ठराव मांडला तो सहस्रबुद्धे या ब्राह्मणाने. टाळ्या मिळाल्या. खाली बसलेल्या मावशींनीही वाजवल्या. त्या त्या सभेत होत्या, हे आम्हाला रात्री लोकलमध्ये आठवले.

पुढच्या रविवारी विहाराच्या बैठकीत आम्ही ठराव ठेवला : तिसऱ्या परिच्छेदातली धर्माची अट रद्द करावी, म्हणून सह्यांची मोहीम घ्यावी. बाजूने पाच, विरुद्ध सात. मित्राने विरुद्ध हात वर केला, मग चहा पिताना विचारले, "त्या सूसाईचा निकाल मराठीत आहे का?" भाषांतराला बसलो आहोत. जानेवारीच्या बैठकीत ठराव पुन्हा ठेवणार.

जयभीम.