गोमटेश्वराच्या पायाशी मराठी

मराठीतले एक अतिशय जुने वाक्य पाहायचे असेल, तर कर्नाटकात जावे लागते. श्रवणबेळगोळला विंध्यगिरीच्या माथ्यावर बाहुबली उभा आहे, त्याच्या पायाशी ते कोरलेले आहे.

तेवढ्यासाठी सहाशेंहून अधिक पायऱ्या अनवाणी चढायच्या. आमच्याबरोबर मेहुणे होते. पायथ्याशी त्यांचा मराठी बाणा मोठा कडक होता. पण दर पन्नास पायऱ्यांनी तो थोडा विसावा घेऊ लागला! ओदेगल बसदी गेली, एकाच खडकातून कोरून काढलेला ‘अखंड बागिलु’ गेला, आणि आवारात शिरताच मेहुणे एकदम गप्प झाले.

५७ फुटांची मूर्ती, डोक्यावर छप्पर नाही. गंग राजांचा मंत्री चावुंडराय याने ती इ. स. ९८१ च्या सुमारास घडवून घेतली. पायांपाशी वारुळे, मांड्यांवर आणि दंडांवर चढलेल्या वेली. भरत आणि बाहुबली हे ऋषभदेवांचे पुत्र. राज्यावरून दोघा भावांचे द्वंद्व झाले. बाहुबली जिंकला, आणि जिंकलेले सारे भावाला देऊन तपाला उभा राहिला. मूर्ती आहे ती या क्षणानंतरची.

पायांच्या दोन बाजूंना त्या दोन ओळी आहेत: ‘श्रीचावुंडराजें करवियलें’ आणि ‘श्रीगंगराजें सुत्ताले करवियलें’. गंगराज हा होयसळ राजा विष्णुवर्धनाचा सेनापती. त्याने १११७ च्या सुमारास मूर्तीभोवतीची ओवरी बांधली. तिच्यात तीर्थंकरांच्या मूर्ती ओळीने आहेत. हाच मराठीतला पहिला शिलालेख, असे आम्ही शाळेत शिकलो. पुढे कुलाब्याकडचा अक्षीचा शके ९३४ चा लेख पहिलेपणाचा मानकरी ठरू लागला. ते विद्वानांनी पाहावे.

आम्हांला मौज वाटली ती ‘सुत्ताले’ची. ‘सुत्तु’ म्हणजे भोवताल, आणि हा शब्द कानडी! इतक्या जुन्या मराठी वाक्यात शेजाऱ्याचा शब्द खुशाल बसला आहे. आम्ही गोंदियाजवळच्या कुडव्याचे. तिकडे एकाच ओसरीवर मराठी, हिंदी आणि पवारी बोलली जाते, त्यामुळे आम्हांला याचे नवल कमी आणि आनंद अधिक.

मेहुण्यांनी मात्र जरा मोठ्यानेच जाहीर केले, “पाहा, मराठी इथपर्यंत होती!” शेजारी एक कानडी आजोबा नातवाला कानडी ओळ वाचून दाखवीत होते. त्यांनी मोडक्या हिंदीत नम्रपणे विचारले, “आपल्या ओळीत काय लिहिले आहे?” मेहुण्यांनी अर्थ सांगितला. आजोबा हसले. “आमच्याही ओळीत तेच.”

मेहुण्यांनी एकदा वर, त्या जिंकून सोडून देणाऱ्याच्या मुखाकडे पाहिले. सीमावादाचे भाषण बहुधा तयार होते. ते झाले नाही.

उतरताना ते त्या मुलाला ‘करवियलें’ म्हणायला शिकवीत होते, आणि मुलगा त्यांच्याकडून ‘माडिसिदं’ घटवून घेत होता.