पाणी बघितलंस का?

शनिवारची सकाळ. बाहेर उणे १९. मी गॅरेजमध्ये स्वेटरवर जॅकेट चढवून दोन बॅटऱ्यांपुढे उकिडवा बसलोय, हातात मल्टिमीटर. बायको दारातून डोकावून म्हणाली, "पूजा आटोपली की चहा घे." तर मंडळी, आज बॅटरीपुराण.

२०२१ च्या उन्हाळ्यात आम्ही एक सेकंडहँड मोटरहोम घेतली. मोटरहोम म्हणजे चाकांवरचं वन-आरके. पुढे ट्रकचं इंजिन, मागे पलंग, शेगडी, फ्रीज आणि टॉयलेट. लेक सुपीरियरच्या काठाकाठाने भरपूर भटकलो. पण मिनेसोटात ही चैन ऑक्टोबरपर्यंतच. मग पाण्याचे पाइप रिकामे करायचे आणि गाडी एप्रिलपर्यंत कुठेतरी उभी करायची. आमच्या घरापाशी एवढी मोठी गाडी ठेवायला परवानगी नाही, म्हणून गावाबाहेर कुंपण घातलेल्या मैदानात भाड्याने जागा घेतली. तिथे वीज नाही.

अशा गाडीत दोन वेगळ्या बॅटऱ्या असतात. एक इंजिन सुरू करणारी. दुसरी घराची, म्हणजे दिवे, पंप, हीटरचा पंखा चालवणारी. आमच्या घराला सहा-सहा व्होल्टच्या दोन होत्या, गोल्फच्या गाड्यांत असतात तशा. जोडून १२ व्होल्ट, २२० अँपिअर-अवर. मी दारापाशी असलेलं बॅटरीचं मुख्य बटण बंद केलं, कुलूप लावलं आणि निघालो. बंद म्हणजे बंद. इंजिनिअर माणूस दुसरा विचार कशाला करतोय?

एप्रिलमध्ये गेलो, तर एका बॅटरीचं पोट फुगलेलं आणि दुसरीला उभी चीर. ॲसिड खालच्या पत्र्यावर सांडून गंज चढलेला. नवा जोड घ्यावा लागला, आणि त्या वर्षीची पहिली ट्रिप बॅटरीच्या दुकानापर्यंतच झाली.

आता इथे एक कबुली द्यायला हवी. कराडला माझ्या वडिलांचं बॅटरी चार्जिंगचं दुकान होतं. ट्रॅक्टर, रिक्षा, टेम्पो, सगळ्यांच्या बॅटऱ्या फळीवर ओळीने चार्जिंगला लावलेल्या असायच्या. ॲसिडचा तो घशाला लागणारा वास आणि अण्णांच्या प्रत्येक पँटला पडलेली भोकं. शाळेत असताना संध्याकाळी दुकानात बसून मी हायड्रोमीटरचे आकडे पाटीवर लिहायचो. पुढे पुण्यात कॉलेजला कुणी विचारलं, की वडील "ऑटोमोबाईल बिझनेस"मध्ये आहेत असं सांगायचो. खोटं नव्हतं. पण का सांगायचो, ते मला चांगलं माहीत होतं. २०१४ मध्ये त्यांनी दुकान बंद केलं, तेव्हा मी इकडेच होतो.

तर मी अण्णांना फोनवर हा किस्सा गंमत म्हणून सांगितला. ते हसले नाहीत.

"ठेवताना पाणी बघितलंस का?"

"नाही."

"फुल चार्ज करून ठेवलेली?"

"बहुतेक."

"वायर काढलेलीस?"

"बटण बंद केलं होतं, अण्णा."

पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "बटणावर भरवसा ठेवून सहा महिने गेलास?"

वीस वर्षांच्या करिअरमध्ये याहून वाईट कोड रिव्ह्यू झालेला नाही.

मग त्यांनीच सांगितलं, की बटण बंद ठेव आणि वायरीच्या मध्ये मीटर लाव. लावला. १५० मिलिअँपिअर! गॅस गळतीचा अलार्म मुद्दामच बटणाच्या आधी जोडलेला होता, म्हणजे चुकूनही कुणी बंद करू नये. शिवाय रेडिओची मेमरी आणि आणखी एक-दोन चिल्लर गोष्टी. आपल्या भाषेत मेमरी लीक. हिशोब करा: ०.१५ गुणिले २४ म्हणजे रोज ३.६ अँपिअर-अवर. २२० भागिले ३.६ म्हणजे साधारण ६१ दिवस. ऑक्टोबरअखेर उभी केलेली गाडी नववर्षाच्या आधी पूर्ण उतरली होती, आणि जानेवारीत इथे उणे २८ झालं.

मी इतके दिवस थंडीला दोष देत होतो. पण थंडीचा गुन्हा निम्माच. बॅटरी उतरते तेव्हा ॲसिडमधला सल्फेट प्लेटांवर जाऊन बसतो आणि मागे उरतं ते जवळजवळ पाणीच. पूर्ण भरलेल्या बॅटरीतलं ॲसिड उणे ५० लाही गोठत नाही. पूर्ण उतरलेलीतलं उणे १० च्या आसपास गोठतं, बर्फ फुगतो आणि डबा फुटतो. आणि समजा नाहीच गोठली, तरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की तो सल्फेट कडक होत जातो आणि पुढे चार्जिंग घेत नाही. उलट भरलेली, वायर काढलेली बॅटरी थंडीत निवांत पडून राहते, कारण थंडीत ती आपणहून फार हळू उतरते. अण्णांचा अनुभव उन्हाळ्याचा. "आमच्या बॅटऱ्या मे महिन्यात जायच्या, तुझी जानेवारीत गेली. कारण एकच, कुणी बघितलं नाही."

तेव्हापासून आमच्याकडे अण्णांचा प्रोटोकॉल चालतो. गाडी उभी करण्याआधी बॅटरी पूर्ण चार्ज. मग झाकणं उघडून पाणी बघायचं, कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटर. चार्जिंगच्या आधी प्लेटा उघड्या दिसत असतील तर त्या बुडण्यापुरतंच टाकायचं, कारण चार्ज होताना पातळी वर येते. गॅस सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद, आणि मगच वायर काढायची, आधी निगेटिव्ह. इंजिनच्या बॅटरीचीही. घरच्या बॅटऱ्या मी गॅरेजमध्ये आणतो (एकेक २८ किलोची, जिमचे पैसे वाचतात). तिथे त्यांना छोटा ऑटोमॅटिक चार्जर असतो. भरली की तो साधारण साडेतेरा व्होल्टवर येऊन नुसती राखण करतो. गाडीतला जुना चार्जर महिनोन्महिने लावून ठेवला तर पाणी आटवतो, म्हणून तो नाही. आणि चार्जर काढल्या काढल्या मोजायचं नाही. रात्रभर थांबायचं, मग खरा आकडा कळतो. १२.६ च्या वर म्हणजे भरलेली. १२.४ च्या खाली गेली तर लगेच चार्जिंग. १२.२ म्हणजे निम्मी संपली.

एका मित्राने लिथियम घेतल्यात. त्यांचं शास्त्र निराळं. त्या निम्म्या भरून ठेवलेल्या बऱ्या, आणि शून्याच्या खाली असताना चार्ज करायच्या नाहीत. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "पाणीच टाकायचं नाही तर बघायचं काय?"

तुमच्याकडे मोटरहोम नसेल, पण पुण्यातल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये महिनोन्महिने उभी असलेली कार असेलच. वर्क फ्रॉम होमवाल्यांनी विशेष लक्ष द्या. नुसती पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून भागत नाही. स्टार्टरने घेतलेलं कसंबसं भरून निघतं. अर्धा-पाऊण तास नीट चालवून आणा. गावाला महिनाभर जाणार असाल तर निगेटिव्ह काढून जा.

हिवाळ्यात महिन्याच्या पहिल्या शनिवारी सकाळी मी आकडे घेतो आणि कराडला फोन लावतो. तिकडे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात, आणि अण्णा जेवण आटपून वही घेऊन बसलेले असतात. हो, वही. तीन वर्षांचे आकडे आहेत त्यांच्याकडे, तारीखवार. आता पाटीवर लिहिणारे ते आणि सांगणारा मी.

आज सांगितलं, "६.३५ आणि ६.२९."

"ती दुसरी मागच्या महिन्यातही मागे होती. हायड्रोमीटर लावून एकेक सेल बघ. आणि पाणी?"

"बघितलं, अण्णा. ठीक आहे."

"बरं. इंजिनची किती?"

इंजिनची बॅटरी मैदानात, गाडीतच. इथून वीस मैल. आणि बाहेर उणे १९.

असो. आधी चहा घेतो, मग निघतो.