चौकटीबाहेरची पिचर

मुलीची बॅटिंग बिघडली म्हणजे तिचा स्विंग बिघडला, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. स्लो-मोशनवाला फोन हातात आल्यावर ही समजूत आणखी पक्की झाली, कारण फोनमध्ये फक्त स्विंगच दिसायचा. दुसरं काही दिसू नये याची सोय मीच करून ठेवली होती, हे उशिरा कळलं. तोवर माझ्या हाताखालून मुलींच्या दोन-तीन तुकड्या पुढे गेल्या होत्या.

मी विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी क्रीडाशिक्षक आहे. आमच्याकडे शाळाशाळांतून सॉफ्टबॉल खेळतात. पालकांचा ओढा दहावीच्या सवलतीच्या क्रीडा गुणांकडे जास्त असतो, पण मुली खेळाकडेच बघून येतात. बहुतेकींनी आधी भावांबरोबर गल्लीत क्रिकेट खेळलेलं असतं. त्यामुळे टप्पा पडून येणाऱ्या चेंडूची सवय असते आणि बॅट सरळ खाली आणायचा हात बसलेला असतो. सॉफ्टबॉलचा चेंडू टप्पा न पडता थेट येतो, तोही 43 फुटांवरून. ताशी 90 किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू अर्धा सेकंद व्हायच्या आत प्लेटवर पोचतो. बॅट फिरायला त्यातला साधारण पाव सेकंदाहून थोडा कमी वेळ जातो. बघायचं, ठरवायचं आणि पाय टाकायचा, ते सगळं उरलेल्या वेळात. एवढ्या घाईत काय चुकलं ते नुसत्या डोळ्यांना कुठून दिसणार? म्हणून व्हिडिओ. विचार चुकीचा नव्हता.

चुकीचं होतं ते काढणं. पहिलं वर्ष मी साध्या मोडवरच शूटिंग केलं, सेकंदाला 30 चौकटी. त्यात अख्खा स्विंग पाच-सहा चौकटींत आटपतो. बॅटचं टोक ताशी 90 किलोमीटरने जात असेल, तर एका चौकटीतून दुसरीत जाईपर्यंत ते पाऊण मीटरहून जास्त सरकलेलं असतं. चेंडूला बॅट लागते ती जेमतेम सेकंदाच्या हजाराव्या भागापुरती. तो क्षण माझ्या फोनमध्ये कधी सापडलाच नाही. चेंडू लागायच्या आधीची एक चौकट आणि लागून गेल्यानंतरची एक चौकट, आणि मधलं सगळं मी मनाने भरायचो. ‘इथे तुझं मनगट वळलं,’ असं छातीठोकपणे सांगायचो. तसं वळलेलं मनगट कुठल्याच चौकटीत नव्हतं.

त्यातच एका व्हिडिओत बॅट चक्क वाकलेली दिसली, धनुष्यासारखी. अॅल्युमिनियमची बॅट! मी निष्कर्ष काढला की मुलीची पकड सैल आहे, बॅट मागे रेंगाळते. तिला ओल्या फडक्याचे पिळे मारायला लावले, मनगटं मजबूत व्हावीत म्हणून. तिचा भाऊ इंजिनिअरिंगला होता. एकदा तिला न्यायला आला तेव्हा त्याने तो व्हिडिओ बघितला, हसला नाही, हे त्याचे उपकार. मला स्टाफरूममध्ये घेऊन गेला आणि चालू पंख्याकडे फोन धरून रेकॉर्डिंग केलं. पंख्याची पाती कोयत्यासारखी वाकलेली दिसली. म्हणाला, “सर, फोनचा सेन्सर पूर्ण चित्र एकदम घेत नाही. एकेक ओळ वाचत जातो. शेवटची ओळ वाचेपर्यंत पातं पुढे गेलेलं असतं.” मी पंख्याकडे आणि फोनकडे आलटूनपालटून बघत राहिलो. त्या मुलीचे पिळे दुसऱ्या दिवशी बंद झाले. का बंद झाले ते मात्र मी तिला सांगितलं नाही.

पुढे सेकंदाला 240 चौकटी घेणारा फोन घेतला. आता चौकटीगणिक बॅट वीतभरही सरकत नव्हती. पण हॉलमध्ये ट्यूबलाइटखाली शूट केलं की चित्र लपलपायचं आणि संध्याकाळी मैदानावर बॅटच्या जागी नुसता राखाडी पट्टा यायचा. भर उन्हात काढायला हवं, हे समजलं. मग उन्हात मुलगी आणि सावलीत मी, अशी विभागणी केली. सावली होती पहिल्या बेसच्या बाजूच्या कडुनिंबाखाली. तिथे माझी बॅग जमिनीवर, बॅगेला टेकवून फोन.

या बॅगेने सगळ्यांत जास्त नुकसान केलं. उजव्या हाताने खेळणारी बॅटर पहिल्या बेसकडे छाती करून उभी असते. तिची बॅट मागून पुढे येते म्हणजे कॅमेऱ्याच्या जवळ येते. कॅमेरा जमिनीलगत असेल, तर कमरेच्या पातळीत सपाट फिरणारी बॅट जवळ येता येता चित्रात वर चढलेली दिसते. प्रत्येक मुलगी खालून वर उचलते आहे असं मला दिसायला लागलं. एकजात सगळ्या! तिथेच शंका यायला हवी होती. मी उलट खूश झालो, की रोग सापडला. “उचलू नका, वरून खाली मारा,” हे माझं पालुपद झालं. मुली आज्ञाधारक. त्यांनी लाकूड फोडल्यागत खाली मारायला सुरुवात केली आणि आमचे फटके शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षिकेच्या, पायाशी लोळायला लागले. विभागीय स्पर्धेत पहिल्या बेसवर पोचायच्या आधीच आमच्या मुली बाद होत होत्या.

छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिजने 1887 मध्ये ‘अॅनिमल लोकोमोशन’ ही छायाचित्रमालिका प्रसिद्ध केली, तिच्यात बेसबॉलचा बॅटरही आहे. एकाच हालचालीची चित्रं वेगवेगळ्या बाजूंनी एकदम टिपायला त्याने कॅमेऱ्यांच्या रांगाच लावल्या होत्या. एका कोनातून दिसलेली हालचाल पुरेशी नाही, हे त्याला तेव्हा माहीत होतं. मी सावलीची जागा बघून कोन ठरवत होतो.

मग सुट्टीत इंटरनेटवर अमेरिकन बेसबॉलचे होमरनवाले बघितले आणि मी दुसऱ्या टोकाला गेलो. तिथे सगळे उचलून मारताना दिसले. टेड विल्यम्ससारखा नामांकित बेसबॉल फलंदाजही किंचित वर जाणाऱ्या स्विंगच्या बाजूचा होता, कारण चेंडू खाली येत असतो. कारणाकडे मी लक्षच दिलं नाही. बेसबॉलचा पिचर 10 इंच उंच मातीच्या ढिगावर उभा राहतो आणि 60 फूट 6 इंचांवरून, डोक्याच्या बाजूने हात आणून टाकतो. आमची पिचर सपाट जमिनीवरून, मांडीजवळून चेंडू सोडते. तो पुष्कळ सपाट येतो, आणि चांगल्या पिचरचा राइज बॉल बॅटरला वर चढल्यासारखा वाटतो. त्याला उचलून मारायला गेलं की बॅट चेंडूखालून निघून जाते. मी मात्र डाव्या बाजूला अमेरिकन फलंदाज, उजव्या बाजूला आमची नववीतली मुलगी, दोघांच्या खांद्यांवर लाल रेघा, असे व्हिडिओ करायला लागलो. एक जण न राहवून म्हणाली, “सर, एकदा नक्की सांगा, वर का खाली?”

मी म्हणालो, “मधे.” सगळ्या हसल्या. मीही हसलो. उत्तर माझ्याकडे नव्हतंच.

पण खरी चूक वेगळीच. आमच्या तिसऱ्या बेसवरच्या मुलीचा स्विंग बघत राहावा असा होता. टीवर, म्हणजे सरावाच्या उभ्या दांडीवर, ठेवलेला चेंडू ती दणकून मारायची. आधी कंबर वळायची, मग छाती, मग हात, शेवटी बॅट. पुस्तकात छापावं तसं. मॅचमध्ये मात्र तीच मुलगी हवेत उंच, सोपे झेल द्यायची, नाहीतर तिसऱ्या स्ट्राइकवर बाद व्हायची. मॅचचा व्हिडिओ काढला, अर्थातच झूम करून, तिचं डोकं ते बूट चौकटीत मावतील इतपत. त्यात दिसलं की तिचा पुढचा खांदा लवकर उघडतो. झालं. त्या हिवाळ्यात तिने खांदा बंद ठेवायचे व्यायाम केले. भिंतीशी उभं राहून, काखेत रुमाल धरून, छातीला रबर बांधून. टीवरचा व्हिडिओ आणखी देखणा झाला. मॅचमधला जसाच्या तसा राहिला. शेवटी मी तिला ‘प्रेशर घेते’ या खात्यात टाकली. ज्याचं कारण सापडत नाही ते या खात्यात टाकायची आम्हा प्रशिक्षकांना सवय आहे.

उलगडा झाला तो दुसऱ्याच एका मुलीच्या वडिलांनी काढलेल्या व्हिडिओतून. त्यांनी आपल्या लेकीसाठी होम प्लेटमागच्या जाळीतून मोबाइल धरला होता. जाळी मधे येत होती, हात हलत होता, मागून कुणाच्या तरी चहाचा हिशेब ऐकू येत होता. माझ्या लेखी टाकाऊ व्हिडिओ. पण त्यात बॅटरबरोबर समोरची पिचरही होती. आमच्या तिसऱ्या बेसवालीची पाळी आल्यावर मी सहज चौकट-चौकट पुढे नेली. पिचरच्या हातातून चेंडू सुटला. हिचा पाय अजून जमिनीवर होता. चेंडू बराच पुढे आला तेव्हा तिने पाय उचलला, आणि तो टेकला तेव्हा चेंडू जवळजवळ अंगावर आला होता. उशीर भरून काढायला खांदा ओढून घेण्यावाचून तिला गत्यंतरच नव्हतं. खांदा उघडणं हा दोष नव्हता, उशिरावरचा तिचा उपाय होता. आणि तो उपाय मोडून काढायला मी एक अख्खा हिवाळा घालवला होता.

टीवरचा चेंडू कधीच उशीर करत नाही, म्हणून टीवर हे दिसणं शक्य नव्हतं. आमच्या सरावातली पिचर हळू टाकायची, म्हणून तिथेही दिसलं नाही. आणि जिथे दिसलं असतं, तिथे पिचरला मी झूम करून चौकटीबाहेर घालवलं होतं. तिसऱ्या बेसवालीला एवढंच सांगितलं की पिचरचा हात फिरत वर डोक्यापाशी गेला की पाय उचलायचा. लगेच जादू झाली नाही. सुरुवातीला तर ती भलतीच लवकर जायला लागली, हळू चेंडूवर बॅट फिरवून मोकळी. पण खांद्याबद्दल मी पुन्हा अवाक्षर काढलं नाही आणि तो हळूहळू आपला आपण मिटला.

बोलण्यातही मी चुकत होतो. व्हिडिओ माणसाला अवयव दाखवतो, मग तोंडून अवयवच निघतात: कोपर, गुडघा, टाच. गॅब्रिएल वुल्फ या संशोधिकेने हा विषय वर्षानुवर्षं अभ्यासला आहे. आपल्या अंगाच्या हालचालीकडे लक्ष ठेवण्यापेक्षा त्या हालचालीतून जे घडवायचं आहे त्याकडे लक्ष ठेवलं, तर कौशल्य चांगलं बसतं, असं त्यांच्या प्रयोगांतून पुढे आलं. ‘कोपर आत घे’ म्हटल्यावर मुलगी कोपराकडे लक्ष देते आणि चेंडू निघून जातो. ‘शॉर्टस्टॉपच्या डोक्यावरून काढ’ म्हटलं की कोपर बहुतेक वेळा आपोआप आत येतं. आता व्हिडिओत मला जे दिसतं त्याचं आधी अशा वाक्यात भाषांतर करतो. नाही जमलं तर गप्प बसतो.

एक चूक खेळातली नव्हती. मुलींचे स्लो-मोशन व्हिडिओ मी पालकांच्या ग्रुपवर टाकायचो. सर मेहनत घेतात हे दिसावं, हाही हेतू होता; नाही म्हणणार नाही. कंबर उशिरा वळते हे दाखवायला एका मुलीच्या कमरेभोवती लाल गोल काढून व्हिडिओ टाकला. ती मैदानावर यायची बंद झाली. मी घरी गेलो. तिच्या आईने पाणी दिलं, बसवलं आणि म्हणाल्या, “सर, खेळ शिकवा, आमची ना नाही. पण पोरीच्या कमरेवर गोल काढून घरोघरी कशाला पाठवता?” मी ‘तांत्रिक बाब’ वगैरे म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. ती मुलगी पुढे परत आली, पण बॅटिंगला उभी राहिली की आधी माझा फोन कुठे आहे ते बघायची.

आता पालकांची लेखी संमती असल्याशिवाय शूटिंग नाही. मुली एकमेकींचं काढतात, जिचा व्हिडिओ तिच्याच घरी जातो, आणि सरावानंतर माझ्या फोनमध्ये काही ठेवत नाही. बघायचा क्रमही उलटा केला. बेसबॉलमधला टोनी ग्विन 1983 मध्ये लय हरवून बसला, तेव्हा त्याच्या बायकोने घरी व्हीसीआरवर त्याची बॅटिंग रेकॉर्ड केली आणि त्याने स्वतः ती बघून दुरुस्ती केली. पुढे त्याला ‘कॅप्टन व्हिडिओ’ म्हणायला लागले. फलंदाजीतलं अव्वल स्थान त्याने कारकिर्दीत 8 वेळा पटकावलं. त्याच्या गोष्टीत बघणारा आणि खेळणारा एकच होता. माझ्याकडे बघणारा मी, बोलणारा मी, आणि खेळणारी मान खाली घालून ऐकणार. म्हणून आता मुलगी आधी बघते आणि आधी बोलते. बऱ्याच जणी पहिल्यांदा केसांबद्दल बोलतात. दुसऱ्यांदा पायाबद्दल.

फोन आता होम प्लेटमागे, जाळीला बांधलेला असतो आणि पिचर चौकटीत असते. दर फटक्यानंतर धावत जाऊन बघणं बंद आहे. आठवड्यातून एखादा दिवस काढतो, आणि चांगले बसलेले फटकेही काढतो. आधी फक्त चुकलेलेच काढायचो. त्यामुळे बरोबर असतं तेव्हा मुलगी कशी दिसते हेच माझ्याकडे नव्हतं.

सध्या संघात आठवीतली एक आहे. ती बॅट भलत्याच उंचावर धरते, मागचा पाय हवेत जातो, मारून झाल्यावर तोल जाऊन दोन पावलं प्लेटवर येते. पाय मात्र वेळेवर टेकतो, आणि चेंडू आउटफिल्डच्या मधोमध जाऊन पडतो. बाकीच्या मुली विचारतात, “सर, हिचा व्हिडिओ का नाही काढत?” काढला तर मला काहीतरी सांगावंसं वाटेल, म्हणून तिच्या पाळीला मी चेंडू गोळा करायला आउटफिल्डमध्ये जातो.