माळवद

वळसंगचे आमचे घर विकायचे ठरले. गिऱ्हाईक भिंती पाहत होते; मी माळवदावर चढलो. वडील दर पावसाळ्याआधी तेथे पांढरी माती टाकीत. जुनी मात्र कोणी कधी काढलीच नाही. गळती थांबे, ओझे वाढे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत दगडी भिंती आणि अशीच जड माळवदे निजलेल्या माणसांवर कोसळली होती. गवंडी म्हणाला, "मालक, आधी माती उतरवा, मग तुळया बघा." मी गिऱ्हाइकाला सारे सांगितले. किंमत उतरली, भाऊ रागावले. बहीण तेवढी सही करताना हळूच म्हणाली, "दादा, बरं केलंस. तिथं आता त्यांची लेकरं निजणार."